एकशे चार ग्रॅम

चेंडू मीच केला होता.
हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर
कुणाला अडखळत विचारावं लागणार नाही.
आत सुपारीएवढा लाकडी गाभा,
त्यावर रबराची फीत, मग मेंढीची लोकर,
मग सुती दोरा, आणि वर बकरीचं कातडं,
डमरूसारखे कापलेले दोन तुकडे, ओलेच शिवलेले.
एकशे चार ग्रॅम. तागडीत तीनदा घातला.
एलिझोंदोच्या भिंतीला असाच चेंडू लागतो,
जो तिच्यावरून रागावून परत येतो.

तो आला. बेन्यात मागे वळून पाहत होता.

आवाज फार झाला नाही.
अंडं टेबलाच्या कडेला टिचकावं, तेवढाच.
डोळ्याच्या खोबणीची तळजमीन कागदासारखी पातळ असते,
हे इरुन्याच्या इस्पितळात डॉक्टर गोन्यीबाईंनी
माझ्याच हिशेबाच्या वहीत काढून दाखवलं:
वर डोळा, खाली गालातली पोकळी,
मधली फरशी खचलेली.
पोराला दोन बाप दिसत होते,
एक मी, आणि एक माझ्या किंचित वर तरंगणारा.
यातल्या कुणाशी बोलू, त्याने विचारलं.
हसला नाही.

खचल्या जागी त्यांनी सिलिकॉनची चकती बसवली,
अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी, दुधी रंगाची.
सहा आठवडे नाक शिंकरायचं नाही,
एवढंच पथ्य.
त्या रात्री औषधाने त्याचा डोळा लागला.
माझा नाही.

मग अकरा वर्षं. डोळ्याआड ते सृष्टीआड.
त्याचा खेळ सुटला, तो चीजच्या कारखान्यात लागला,
माइतानशी लग्न केलं.
मी चेंडू करत राहिलो, दुसऱ्यांच्या पोरांसाठी.
या गोष्टीचा हिशेब वहीत कुठे मांडायचा,
ते मला अजून कळलेलं नाही.

या फेब्रुवारीत साधी सर्दी झाली, वरची दाढ ठणकली.
आठवड्यात खालची पापणी फुगून आली,
मग तिच्याखाली सुईच्या टोकाएवढं तोंड फुटलं
आणि पू येऊ लागला.
उशीला वास येतो, माइतान मला फोनवर म्हणाली,
त्यांना सांगू नका मी सांगितलं म्हणून.
गोळ्यांनी बरं वाटायचं. गोळ्या संपल्या की पुन्हा तेच.
जंतू चकतीवर घर करून बसलेत, बाई म्हणाल्या,
औषध रक्तातून जातं, आणि चकतीत रक्त नाही.
बरोबरच आहे.
रक्ताचं नातं नसेल तिथे कोण कशाला जाईल?

काढावी लागेल.
काढली तर डोळा खाली उतरेल का? मी विचारलं.
बाईंनी चष्मा काढून पुसला.
शरीराला परकी वस्तू बाहेर ढकलता आली नाही
की ते तिला गुंडाळतं, म्हणाल्या.
अकरा वर्षांत तिच्याभोवती एक चिवट पिशवी विणलेली असणार.
चकती काढू, पिशवी तिथेच ठेवू.
बहुधा तीच डोळा तोलून धरेल. बहुधा.

मी गप्प राहिलो.
गुंडाळणं मला ठाऊक आहे.
पन्नास वर्षं दुसरं काय केलं?
मधे एक कठीण, आपलं नसलेलं काही,
आणि त्याभोवती थर, आणखी थर,
बोटांनी बस म्हणेपर्यंत.

डोळा राहिला जागेवर.
मोजायला गेलं तर डाव्याहून एक मिलिमीटर आत.
वर पाहिलं की कडेला अजून एक दुसरं छत दिसतं,
आणि वरच्या ओठाचा एक कोपरा बधिर आहे,
कॉफी सांडते तेव्हा त्याला इतरांकडून कळतं.
चकती मी मागितली होती.
प्रयोगशाळेत गेली, मिळणार नाही, म्हणाले.
मला फक्त तोलायची होती.

रविवारी तो कारखान्याच्या कपड्यांतच माझ्याकडे आला.
बाकावर अर्धवट चेंडू पडला होता, लोकरीपर्यंत झालेला.
उचलला, मान थोडी तिरकी केली,
हल्ली तो सगळं तसंच पाहतो,
अंगठ्याने दाबून पाहिला, आणि दोन वेढे उलगडले.
ढिला आहे, म्हणाला.

ढिलाच होता.